विनोदिनीबाईंचं नको-नको

विनोदिनी साळवे आमच्या शेजारी राहायला आल्या आणि पुढची एकोणीस वर्षं त्यांनी आमच्या घरचा चहा एकदाही पहिल्या विचारण्याला घेतला नाही. नंदा, म्हणजे माझी बायको, विचारायची, "बाई, चहा टाकू?" की बाईंचा उजवा हात आपोआप छातीपर्यंत वर यायचा. "नको नको, आत्ताच झाला." दुसऱ्यांदा विचारलं की, "नको हो, कशाला उगीच." तिसऱ्यांदा नंदा विचारायचीच नाही, कप आणून समोर ठेवायची, आणि बाई तो "अगं बाई" म्हणत चवीनं प्यायच्या. मराठी माणूस थोडंफार नको-नको करतोच. माझी आईही करायची, पण ती दुसऱ्या वेळेला विरघळायची. बाईंचा हा कार्यक्रम पूर्ण व्हायला पाच मिनिटं लागत, आणि मला बँकेत जायला उशीर होत असला की माझं डोकंच फिरायचं.

देण्याच्या बाबतीत मात्र बाई कुणाचं ऐकत नसत. उज्जैनमधल्या आमच्या माधव नगरात कुणाकडे बाळ झालं, लग्न झालं, की तिथल्याच भैरवगढच्या हातछपाईची एक चादर त्यांच्याकडून यायचीच. आमच्या श्रुतीच्या बारशाला आली, आदित्यच्या बारशाला आली. उलट आम्ही दिवाळीला साडी घेऊन गेलो की त्या दारातच म्हणत, "नको हो प्रभाकरराव, मला कुठे जायचंय नेसून?" त्या साडीसाठी एकदा मी त्यांच्याशी चक्क भांडलो. म्हटलं, "तुम्ही आम्हाला परकं समजता." बाईंचा चेहरा उतरला, साडी त्यांनी घेतली, आणि महिन्याभरानं तीच साडी आमच्या कामवालीच्या मुलीच्या अंगावर दिसली.

कारण मला फार उशिरा कळलं, तेही नंदाकडून. बाई नगरकडच्या एका मिशनच्या वसतिगृहात वाढल्या. तीन वर्षांच्या असताना त्यांना कुणीतरी तिथल्या पायरीवर बसवून गेलं. नाव तिथल्याच एका बाईंनी ठेवलं आणि आडनाव तिथल्या मास्तरांचं लागलं. तिथे कपडे, खाऊ, सगळं कुणीतरी दूरदेशातून पाठवलेलं यायचं, आणि मुलींना शिकवण होती की हात पुढे करायचा नाही, अधाशीपणा दिसतो. "ज्यांना आपली माणसं असतात ना नंदाताई, ती हक्कानं घेतात," बाई एकदा म्हणाल्या होत्या, "मी कुणाच्या जिवावर घेऊ?" नंदानं हे सांगितलं त्या दिवसापासून मी त्या पाच मिनिटांबद्दल तक्रार केली नाही. निदान मोठ्यानं तरी नाही.

शिकून त्या नर्स झाल्या आणि नोकरीनं त्यांना उज्जैनला आणून सोडलं. लग्नाचं विचारायला दोन-तीन जण आले होते म्हणतात. त्यांनाही बाई नको म्हणाल्या, आणि तिसऱ्यांदा विचारण्याइतका चिवट त्यांच्यात कुणी निघाला नसावा. निवृत्त झाल्यावर आमच्या शेजारच्या दीड खोलीत बाई, त्यांची शिवणाची मशीन आणि रविवारचं देऊळ, एवढंच राहिलं. चर्चला त्या देऊळच म्हणत, ती तिकडच्या ख्रिस्ती लोकांची जुनी पद्धत. आता उज्जैनमध्ये देऊळ म्हटलं की कुणाच्या डोक्यात काय येईल ते सांगायला नको. त्यामुळे "मी देवळात चाललेय" असं सांगून बाई भलत्याच दिशेला निघाल्या की नवे शेजारी गोंधळून बघत राहत.

त्या देवळात नाताळात पेटी वाजवायला मी जात असे. मी ख्रिस्ती नाही, पण आमच्या भागात बऱ्यापैकी पेटी वाजवणारा मी एकटाच. जेमतेम साठ माणसांची मंडळी, पण त्यात रेल्वेतले मराठी, केरळच्या नर्सेस, झाबुआकडचे भील आणि इथलेच हिंदीवाले. नाताळच्या गाण्यावरून दर वर्षी वाद. मराठी लोकांना झांजा आणि पळती लय पाहिजे, वर्गीससाहेबांना सगळं संथ पाहिजे. हे वर्गीससाहेब फ्रीगंजमध्ये टायपिंगचा क्लास चालवत. एवढ्यात त्यांनी दारावरच्या पाटीवर 'कम्प्युटर' हा शब्द वाढवला होता, आत कम्प्युटर एकच होता आणि त्यावर कापड घातलेलं असे. वाद विकोपाला गेला की मध्ये पडायचे भूरियादादा, झाबुआचे, नानाखेड्याला राहणारे कंपाउंडर. पण खाण्याच्या वेळी करंज्या, केक आणि पानांत भाजलेले मक्याचे पानिये एकाच मेजावर येत आणि भांडण तिथे संपे.

आता मर्सीचं. मर्सी केनियाहून इथे विद्यापीठात एम.एस्सी. करायला आली, ती त्र्याण्णव साली. त्या वेळी शहरात दहा-बारा आफ्रिकन मुलं असतील. त्यांना खोली द्यायला कुणी सहज तयार होत नसे, आणि खोटं कशाला बोलू, आमच्या माडीवरची खोली रिकामी असून मीही "पाहुणे येणार आहेत" असं सांगून मोकळा झालो होतो. मर्सी रविवारी देवळात यायची. एका रविवारी आली नाही, म्हणून बाई चौकशीला गेल्या, तर ही काविळीनं पिवळी होऊन पडलेली. बाई तिला रिक्षात घालून घरी घेऊन आल्या. महिनाभर उसाचा रस, मऊ भात आणि नर्सचा दरारा, यांवर मर्सी बरी झाली आणि मग परत गेलीच नाही. दीड खोलीत दोघी राहू लागल्या. मर्सी त्यांना मावशी म्हणू लागली, भाकरी थापायला शिकली, आणि नंदानं चहा विचारला की हात छातीशी नेऊन "नको नको, आत्ताच झाला" म्हणू लागली. मी कपाळावर हात मारून घेतला.

त्याच विद्यापीठात सायमन होता. तोही केनियाचा, तोही देवळात येणारा, उंच, लाजरा, गणितवाला. दोघांचं जमलं. आम्हाला वाटलं, चला, एका देशाची, एका धर्माची मुलं, काय अडचण आहे! पण मर्सी डोंगराकडच्या जमातीची आणि सायमन सरोवराकाठच्या जमातीचा. भाषा वेगळी, चालीरीती वेगळ्या, आणि दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांचं एकमेकांबद्दलचं मत फारसं चांगलं नाही. मर्सीच्या वडिलांचं पत्र आलं: मुलगा चांगला असेल, पण त्याचे लोक आपले लोक नव्हेत. मर्सी दोन दिवस जेवली नाही. मला आमची आत्या आठवली. तिचं ठरलेलं लग्न देशस्थ आणि कोकणस्थ एवढ्याच गोष्टीवरून मोडलं आणि ती जन्मभर आमच्याकडे राहिली. इतक्या लांब समुद्रापारच्या लोकांकडूनही पुन्हा तेच ऐकायला मिळावं, याची मला गंमतही वाटली आणि चीडही आली.

फेब्रुवारी पंच्याण्णवमध्ये दुसरं पत्र आलं. मर्सीचे थोरले काका, एलायजा, शाळेचे हेडमास्तर, कसल्याशा सभेसाठी दिल्लीला येणार होते. तिथून एका दिवसासाठी ते उज्जैनला येतील, मुलाचे इथले लोक बघतील आणि भावाच्या वतीनं निर्णय देतील. होकार असेल तर लग्न, नकार असेल तर मर्सीनं परीक्षा न देता त्यांच्याबरोबर परत निघायचं. बाईंनी पत्र ऐकलं आणि मशीनवर बसून एका जुन्या अभ्र्याला विनाकारण टीप मारत राहिल्या. "प्रभाकरराव," त्या म्हणाल्या, "पोरगी गेली तर मी काय करायचं?" कुणाजवळ काही मागताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

मर्सीनं सगळ्यांना बोलावून त्यांच्याकडची रीत समजावून दिली. मुलाकडच्यांनी आपल्या घरून पेय घेऊन यायचं. जुन्या काळी दारू असे, पण आता तिच्या घरचे ख्रिस्ती, पक्के निर्व्यसनी, म्हणून चहा चालतो. मुलाकडचा वडीलधारा तो प्याला मुलीकडच्या वडीलधाऱ्यापुढे करतो. तो प्याला हातात घेऊन मुलीला विचारायचं, "पिऊ का?" मुलगी "प्या" म्हणाली आणि प्यायला, की सोयरीक जमली. प्याला परत फिरवला, की बोलणं तिथेच संपलं.

सायमनच्या बाजूनं भूरियादादा आणि वर्गीससाहेब उभे राहिले. भूरियादादांना तर हे काम घरचंच, त्यांच्याकडेही सोयरिकीत मध्यस्थ लागतो. आणि काकांनी आधीच कळवलं होतं की इथे मर्सीला जिनं सांभाळलं, तिनंच तिच्या बाजूनं प्याला घ्यावा. म्हणजे विनोदिनीबाईंनी. हे ऐकल्याबरोबर नंदानं माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे.

दोन दिवस नंदानं बाईंची तालीम घेतली. रिकामा कप पुढे करायची, बाई दोन्ही हातांनी घ्यायच्या, मर्सीला विचारायच्या, ओठाला लावायच्या. दहा वेळा केलं, दहाही वेळा बिनचूक. नंदा म्हणाली, "बघा, उगीच घाबरत होतो."

काका सकाळच्या गाडीनं आले. करडा सूट, हातात हॅट, बोलणं मोजकं. बाईंच्या खोलीत एवढी माणसं मावणार नव्हती, म्हणून बैठक आमच्या पुढच्या खोलीत. मी मोठ्या ऐटीत थंडगार कोलाची बाटली पुढे केली, तेव्हा ते नुकतंच सगळीकडे मिळायला लागलं होतं. त्यांनी एक घोट घेतला आणि बाटली खुर्चीखाली सरकवली. मग भूरियादादांनी घरून आणलेल्या थर्मासमधून वाफाळता चहा कपात ओतला, उभे राहिले आणि दोन्ही हातांनी बाईंसमोर धरला. "बहनजी, हमारे लड़के की तरफ से."

तालमीत कप रिकामा होता. हा भरलेला होता, त्यातून वाफ येत होती, आणि समोर पाहुणा बसलेला. बाईंचा उजवा हात छातीपर्यंत वर गेला.

"नको नको, आत्ताच झाला. आधी पाहुण्यांना द्या."

आपण काय बोललो ते बाईंना स्वतःलाच ऐकू आलं आणि त्यांनी तोंडावर पदर धरला. सायमन पांढरा पडला. काळा माणूस पांढरा पडतो हे मी त्या दिवशी पाहिलं. काकांना मराठी येत नव्हतं, पण वर गेलेला हात त्यांना बरोबर समजला. त्यांनी शांतपणे हॅट उचलली.

तेवढ्यात मर्सी हसायला लागली. आधी नाकातल्या नाकात, मग पोट धरून. हसता हसताच ती काकांना त्यांच्या भाषेत भराभर काहीतरी सांगू लागली. मध्ये मध्ये हात छातीशी नेऊन "नको नको" करून दाखवत होती, ते तेवढं आम्हाला कळलं. काकांनी बाईंकडे पाहिलं, मग इंग्रजीत विचारलं, "ही बाई प्रत्येक गोष्टीला नाही म्हणते?"

"प्रत्येक," मी म्हणालो. एकोणीस वर्षांचा राग होता तो.

"नाही, काका," मर्सी आता आम्हालाही कळावं म्हणून इंग्रजीत बोलू लागली. "एका प्याल्याला मावशी कधीच नाही म्हणत नाही. देवळात प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला समोर येतो ना, तेव्हा पहिल्याच वेळेला घेते. मी दोन वर्षं तिच्या शेजारी बसतेय."

काका बाईंकडे वळले. "तो का घेता?"

बाईंचं इंग्रजी इस्पितळातलं, दुखतंय का, झोप लागली का, एवढ्यापुरतं. पण त्यांनी उत्तर दिलं. अडखळल्या तिथे मी मदत केली.

"तो माझ्या एकटीला दिलेला नसतो, म्हणून. सगळ्यांना असतो. मला कुणी जन्म दिला, त्यांची जात कुठली, गाव कुठलं, मला माहीत नाही. देवळात मला ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी पायरीवरच राहिले असते. मग मर्सी आली तेव्हा मी तिला कसं विचारणार? आणि सायमन त्याच बाकावर बसून तोच प्याला घेतो, त्याला तरी कसं विचारणार?"

काकांनी हॅट परत मांडीवर ठेवली. मग हेडमास्तरच ते, नियमावर आले. म्हणाले, "परत फिरवलेला प्याला त्याच घरातून पुन्हा येऊ शकत नाही. हा आमच्या वाडवडिलांचा नियम आहे. मुलाकडे दुसरं घर आहे का?" आणि भूरियादादा आणि वर्गीससाहेब यांच्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, "हे दोघे एका घरचे का?"

एक झाबुआचा, एक केरळचा. एकाचा रंग, नाक, भाषा, जेवण, काही म्हणजे काही दुसऱ्याशी जुळत नव्हतं. वर्गीससाहेब उत्तर शोधत होते. भूरियादादांनी ते आधीच दिलं, "घर तो एक ही है, साहब. चूल्हे दो हैं."

मी त्याचं इंग्रजी केलं. काकांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं. "मग दुसऱ्या चुलीवरून आणा," ते म्हणाले. "माझी गाडी पाचला आहे."

वर्गीससाहेब स्कूटरवरून गेले ते थेट घरी. वीस मिनिटांत परत आले, मागे बायको आणि तिच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेली किटली. घाईत चहाची पत्ती सापडली नाही, म्हणून तिनं माहेरून आलेली कॉफी उकळून आणली होती, गूळ घालून, बिनदुधाची. किटलीचं झाकण काढलं आणि एलायजा काका खुर्चीतून उठूनच उभे राहिले. त्यांच्या वडिलांची डोंगरउतारावर कॉफीची झाडं होती. लहानपणी सगळी भावंडं शाळेतून आली की कॉफीची लाल बोंडं वेचत. हे सगळं ते किटलीत डोकावून सांगत होते, आणि वर्गीसांची बायको मल्याळम मिसळलेल्या हिंदीत "हमारा घर में भी, हमारा घर में भी" असं म्हणत होती. त्या दोघांचं काय चाललं होतं ते त्यांनाच ठाऊक, पण दोघंही खूश होती.

कप बाईंसमोर आला. मला एक गोष्ट माहीत होती, जी काकांना माहीत नव्हती: विनोदिनीबाईंना कॉफीचा वाससुद्धा सहन होत नसे. त्यांचा उजवा हात हलला. नंदानं माझा दंड इतका घट्ट पकडला की संध्याकाळपर्यंत वळ होते. पण हात वर गेला नाही, पुढे गेला. त्यांनी दोन्ही हातांनी कप धरला, देवळात धरत असतील तसा, आणि मर्सीकडे पाहिलं.

"पिऊ का गं?"

"प्या, आई," मर्सी मराठीत म्हणाली.

दोन वर्षं ती मावशी म्हणत होती. बाईंनी डोळे मिटले आणि ती काळीकुट्ट कॉफी एका दमात गळ्याखाली घातली. तोंड वाकडं झालं, डोळ्यांतून पाणी आलं. ते कॉफीचं की कशाचं, मी विचारलं नाही, कारण माझ्याही डोळ्यांत आलं होतं आणि मी तर कॉफी प्यायलो नव्हतो.

मग काय विचारता! भूरियादादांनी सायमनला मिठी मारली, काकांनी मारली, वर्गीससाहेबांनी मला मारली. पेटी निघाली. एकाच चालीचं भजन चार भाषांत सुरू झालं, मराठी पुढे पळाले, वर्गीस मागे रेंगाळले, काका पाचव्या भाषेत ठणठणीत आवाजात गात होते आणि सायमन सहाव्या. दोघं सासरे-जावई व्हायच्या आधीच एका सुरात आले. मी सूर धरून ठेवण्याचा प्रयत्न केला आणि शेवटी सोडून दिला. गल्लीतली पोरंबाळं खिडकीशी जमली.

जायची वेळ झाली तेव्हा बाईंनी काकांना भैरवगढची चादर दिली. ती अर्थातच आधीपासून तयार होती. काकांनीही बॅग उघडली. आत एक मोठं सुती कापड होतं, लाल-पिवळं, कडेनं मोठा नक्षीचा पट्टा. मर्सीच्या आईनं दिलं होतं, काका म्हणाले, आणि सांगितलं होतं की माझ्या लेकीला जी सांभाळते ती खरंच तिची आई असेल, तर तिच्या खांद्यावर घाल. नसेल तर परत आण. त्यांनी कापड उलगडून दोन्ही हातांवर धरलं.

आम्ही सगळे आपापल्या जागी तयारीत उभे राहिलो. नंदानं तर बोटं मोजायची म्हणून मूठही उघडली होती. एकदा नको, दुसऱ्यांदा नको, आणि तिसऱ्यांदा आपणच घालू त्यांच्या खांद्यावर, असं तिचं ठरलेलं.

विनोदिनीबाई एक पाऊल पुढे आल्या. "द्या," त्या म्हणाल्या.

ते कापड अंगावर घेऊनच त्या स्टेशनपर्यंत आल्या. टॉवरच्या चौकात लोक वळून वळून बघत होते, तर बाई रिक्षातून स्वतःच सांगत होत्या, "हमारी समधन ने भेजा है." मी बारीक आवाजात म्हटलं, "बाई, मर्सीची आई तुमची विहीण कशी होईल? दोघी एकाच मुलीच्या आया." त्या म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसा प्रभाकरराव, मला नाती नवीन आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बँकेत निघायच्या गडबडीत, दहाला दहा कमी. बाई दारात आल्या, खांद्यावर ते लाल-पिवळं कापड. नंदानं सवयीनं आतूनच विचारलं, "बाई, चहा टाकू?" आणि उत्तराची वाट न बघता ती पुन्हा कणीक मळायला लागली, कारण अजून दोनदा विचारायचं होतं.

"टाका," बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "साखर जरा जास्त."

मी बूट काढले, पुन्हा आत आलो आणि माझ्यासाठीही टाकायला सांगितला. त्या दिवशी बँकेत मला अर्धा तास उशीर झाला. साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा मी सांगितलं की शेजारच्या बाईंबरोबर चहा घेत होतो, आणि त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.